रिसाल्यातील परमवीर



पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कात्रजचा घाट ओलांडला, की थोड्या वेळाने खेड-शिवापूर लागते. तेथील कमरअली दरवेश यांच्या दर्ग्यामुळे हे गाव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याच्या पुढे भोर तालुका सुरू होतो आणि रस्त्यावर शिवरे हे गाव येते. शिवरे गावच्या वायव्येला सिंहगडाचा डोंगर आहे. या डोंगराच्या पलीकडे खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. आपल्या भूदलाचे, नौदलाचे व वायुदलाचे भावी अधिकारी येथे एकत्र शिकतात. या संस्थेत एक विस्तीर्ण संचलन-मैदान आहे. शिक्षण पूर्ण झालेले छात्र तेथूनच शेवटचे संचलन करून बाहेर पडतात. या मैदानाला 'खेत्रपाल मैदान' असे नाव दिले आहे.

हे खेत्रपाल कोण होते? ते कोणी सेनापती नव्हते. त्यांनी लष्करात जेमतेम सहा महिने नोकरी केली. ते एकवीस वर्षांचे एक सेकंड लेफ्टनंट होते आणि घोडदळाच्या एका जुन्या पलटणीत होते. एका शेजारी देशात पेटलेल्या यादवीतून जे युद्ध उभे राहिले, त्यात त्यांनी प्राण दिले आणि आपल्या देशाचा सर्वांत मोठा शौर्य-सन्मान मिळवला. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ. त्याबरोबरच घोडदळ म्हणजे काय, यादवी म्हणजे काय आणि शौर्यपदक कशासाठी देतात, हेही समजून घेऊ.

प्रथम घोडदळाविषयी पाहू. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता, म्हणून हा भाग तुम्हांला सोपा जाईल. मराठी इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही 'बारगीर' आणि 'शिलेदार' हे शब्द वाचले असतील. ज्या स्वाराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे, तो बारगीर. जो स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई, तो शिलेदार. 'शिलेदार' हा शब्द 'सिलाहदार' या फारसी शब्दावरून आला आहे. 'सिलाह' म्हणजे हत्यार, हे तुम्हांला माहीत आहेच. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे. पाच हवालदारांवर एक जुमलेदार असे आणि सर्व घोडदळाचा प्रमुख सरनोबत असे. हवालदार, जुमला, सरनोबत हे शब्दही तुमच्या ओळखीचेच आहेत. महाराजांच्या सैन्यात जसे नेताजी पालकर होते, तसा सिद्दी हिलाल हा सरदारही होता. भोर तालुक्यातील कारी गावचे कान्होजी जेधे यांच्यासारखे देशमुख आपली माणसे घेऊन महाराजांना मिळाले होते.

आजच्या भारतीय सैन्यातही हे जुने शब्द टिकून आहेत. पायदळात ज्याला शिपाई म्हणतात, त्याला घोडदळात 'सवार' म्हणतात. पायदळातील हवालदार म्हणजे घोडदळातील 'दफेदार'. पायदळातील सुभेदार म्हणजे घोडदळातील 'रिसालदार'. 'रिसाला' म्हणजे घोडेस्वारांची तुकडी. आता बहुतेक रिसाल्यांत घोडे राहिलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घोड्यांची जागा चिलखती गाड्यांनी आणि रणगाड्यांनी घेतली. परंतु नावे तीच राहिली. रणगाडा चालवणारा जवान आजही सवारच म्हणवला जातो.

अशा रिसाल्यांपैकी एकाचे नाव 'पूना हॉर्स' असे आहे. म्हणजे पुण्याचे घोडदळ. १८१७ साली दुसरा बाजीराव पेशवा आणि इंग्रज यांच्यात तह झाला. त्या तहानुसार पुण्यात एक घोडदळ उभारण्यात आले. खर्च पेशव्यांनी द्यायचा आणि हुकूम इंग्रजांनी करायचा, अशी ती व्यवस्था होती. थोड्याच महिन्यांत पेशवे आणि इंग्रज यांच्यात युद्ध जुंपले. तेव्हा हे घोडदळ पेशव्यांच्याच विरुद्ध उभे राहिले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे झालेल्या लढाईत या घोडदळाचे स्वार इंग्रजांच्या बाजूने होते. ज्याच्या हाती हुकूम त्याची फौज, हा धडा पेशव्यांना फार महागात पडला.

पूना हॉर्सच्या निशाणाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. या रिसाल्यात पुढे मुंबई इलाख्याचे आणखी एक घोडदळ मिळवण्यात आले. त्या घोडदळाने १८५७ साली इराणमध्ये खुशाब येथे मोठी लढाई जिंकली होती. तेथे त्यांना इराणी पलटणीचे एक निशाण मिळाले. त्याच्या काठीवर चांदीचा पंजा होता आणि त्या पंजावर अरबी अक्षरे कोरलेली होती. ईश्वराचा हात सर्वांच्या हातांहून वर आहे, असा त्यांचा अर्थ आहे. हा चांदीचा पंजा पूना हॉर्सने आपल्या निशाणावर मानाने मिरवला. शत्रूकडून मिळालेली वस्तू सुद्धा आदराने जपता येते, हे येथे लक्षात ठेवा. या पाठाच्या शेवटी आपल्याला त्याची पुन्हा आठवण होईल.

आता 'यादवी' या शब्दाकडे वळू. महाभारतात यादव कुळातील माणसे आपसांत लढली आणि त्यांचा नाश झाला, अशी कथा आहे. त्यावरून एकाच घरातील, एकाच राज्यातील किंवा एकाच देशातील माणसे एकमेकांविरुद्ध शस्त्र उचलतात, तेव्हा त्या लढाईला यादवी म्हणतात. तिलाच 'गृहयुद्ध' असेही म्हणतात. 'गृह' म्हणजे घर. उर्दूत आपण 'खानाजंगी' म्हणतो. 'खाना' म्हणजे घर आणि 'जंग' म्हणजे युद्ध. पाहा, दोन्ही भाषांनी एकच गोष्ट ओळखली. ही लढाई घरातली असते.

यादवी किती कठीण असते, हे भोरच्या इतिहासातही दिसते. १७०७ साली औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून परत आले. तेव्हा राज्य महाराणी ताराबाई चालवत होत्या. गादीवर हक्क कोणाचा, यावरून मराठ्यांत दोन तट पडले आणि त्याच वर्षी भीमेच्या काठी खेड येथे दोन्ही बाजूंची लढाई झाली. भोर संस्थानाचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव हे ताराबाईंना वचन देऊन बसले होते. इकडे शाहू महाराज हेही छत्रपतींचेच वंशज. वचन मोडावे तरी पाप आणि धन्याशी लढावे तरी पाप, अशा पेचात ते सापडले. अखेर भोरजवळ आंबवडे येथे त्यांनी प्राणत्याग केला. परक्या शत्रूशी लढताना माणसाला आपली बाजू कोणती, हा प्रश्न पडत नाही. यादवीत तोच प्रश्न सर्वांत आधी पडतो.

अशीच एक यादवी १९७१ साली आपल्या शेजारी पेटली. १९४७ साली भारताची फाळणी होऊन पाकिस्तान हा देश निर्माण झाला. त्याचे दोन भाग होते. एक पश्चिमेला आणि दुसरा पूर्वेला. दोहोंच्या मध्ये भारताचा सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रदेश होता. दोन्ही भागांतील बहुसंख्य लोकांचा धर्म एक होता. पण भाषा, राहणी आणि सत्तेतील वाटा यांत मोठा फरक होता. १९४८ साली पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांनी जाहीर केले, की देशाची राजभाषा फक्त उर्दू राहील. पूर्वेकडील लोकांची मातृभाषा बंगाली होती. त्यांनी विरोध केला. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाका येथे विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि काही तरुण मारले गेले. पुढे १९५६ साली बंगालीलाही राजभाषेचे स्थान मिळाले, पण मनात पडलेली भेग बुजली नाही. आता २१ फेब्रुवारी हा दिवस सर्व जगात मातृभाषा दिन म्हणून पाळला जातो.

मित्रांनो, येथे आपण क्षणभर थांबू. उर्दू ही आपली मातृभाषा आहे. ती गोड आहे आणि आपल्याला ती प्राणाहून प्रिय आहे. परंतु आपली भाषा प्रिय असणे वेगळे आणि ती दुसऱ्यावर लादणे वेगळे. बंगाली आईच्या मुलाला त्याची बंगाली तितकीच प्रिय असते. हा दोष उर्दू भाषेचा नव्हता. ज्यांनी तिचा हुकूम म्हणून वापर केला, त्यांचा तो दोष होता. तुम्ही आज मराठी शिकत आहात, म्हणजे आपली भाषा न सोडता शेजाऱ्याची भाषा जोडत आहात. भाषा जोडण्याचा खरा मार्ग हाच आहे.

डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात निवडणूक झाली. राष्ट्रीय सभेच्या ३०० जागांपैकी १६० जागा पूर्व पाकिस्तानातील शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीग या पक्षाने जिंकल्या. म्हणजे देशाचे सरकार त्यांचे होणार, हे उघड होते. परंतु पश्चिमेकडील लष्करी राज्यकर्त्यांनी सत्ता त्यांच्या हाती दिली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कराने ढाका शहरात कारवाई सुरू केली. असंख्य निरपराध लोक मारले गेले. बंगाली सैनिक आणि तरुण यांनी 'मुक्तिवाहिनी' उभारली आणि ते लढू लागले. मारणारे आणि मरणारे बहुतेक एकाच धर्माचे होते व एकाच देशाचे नागरिक होते. ही खरीखुरी खानाजंगी होती. जीव वाचवण्यासाठी सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी विमानांनी भारताच्या विमानतळांवर हल्ले केले आणि घरातील लढाईचे दोन देशांतील युद्ध झाले.

या युद्धात पूना हॉर्समध्ये अरुण खेत्रपाल हे तरुण अधिकारी होते. त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. त्यांचे घराणे मूळचे पंजाबातील सरगोधा येथील. फाळणीनंतर हे शहर पाकिस्तानात गेले. त्यांचे वडील मदनलाल खेत्रपाल हे लष्करात अभियंता दलाचे अधिकारी होते. शाळा संपल्यावर १९६७ साली अरुण खडकवासल्याच्या प्रबोधिनीत दाखल झाले. सिंहगडाच्या पायथ्याच्या या परिसरात त्यांनी तीन वर्षे शिक्षण घेतले. पुढे देहरादून येथील शिक्षण पूर्ण करून १३ जून १९७१ रोजी ते पूना हॉर्समध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. युद्ध सुरू झाले तेव्हा ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे रणगाड्यांचे शिक्षण घेत होते. शिक्षण अर्धवट टाकून त्यांना आघाडीवर जावे लागले. जाताना त्यांनी सामानात गोल्फ खेळण्याच्या काठ्याही घेतल्या होत्या, असे सांगतात. लाहोर जिंकल्यावर तेथे खेळू, असे ते म्हणाले होते. तुमच्याहून ते फार मोठे नव्हते, हे यावरून कळते.

लढाई कोठे झाली, ते आता पाहू. जम्मू आणि पठाणकोट यांना जोडणारा रस्ता सीमेला लागून जातो. त्याच्या दक्षिणेला पाकिस्तानचा शकरगड हा भाग पुढे आलेला आहे. शत्रूने तेथून मुसंडी मारली असती, तर जम्मू-काश्मीरला जाणारा मुख्य रस्ता तुटला असता. म्हणून भारतीय सैन्य शकरगड भागात शिरले. तेथे बसंतर नावाची नदी आहे. हिवाळ्यात तिला फार पाणी नसते. आपल्याकडे शिवगंगेचे किंवा गुंजवणीचे पात्र उन्हाळ्यात दिसते, तसे ते उथळ असते. पण तिच्या काठांवर पाकिस्तानी सैन्याने सुरुंग पेरून ठेवले होते. सुरुंग म्हणजे जमिनीत पुरलेली स्फोटके. रणगाड्याचा भार पडला की ती फुटतात.

१५ डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने नदीपलीकडे पाय रोवले. परंतु पायदळाजवळ रणगाडे नव्हते. सकाळी शत्रूचे रणगाडे आले असते, तर ते सर्व जवान मारले गेले असते. अभियंता दलाचे जवान अंधारात हाताने सुरुंग काढत होते. त्यांचे काम अजून पुरे झाले नव्हते. पूना हॉर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग यांनी थांबायचे नाही, असे ठरवले. रणगाडे तशाच सुरुंगांच्या शेतातून पार झाले आणि पायदळाला जाऊन मिळाले.

रणगाडा आतून कसा असतो, याची कल्पना असल्याशिवाय पुढचा प्रसंग समजणार नाही. अरुण यांचा रणगाडा 'सेंच्युरियन' जातीचा होता. त्याचे वजन सुमारे ५० टन होते. त्यात चार माणसे असत. एक रणगाडा हाकणारा, एक तोफ डागणारा, एक तोफेत गोळा भरणारा व बिनतारी यंत्र सांभाळणारा आणि एक प्रमुख. आत जागा इतकी थोडी, की हातपायही मोकळे करता येत नाहीत. चहूकडे दारूगोळा आणि इंधन. बाहेरून गोळा लागला, की सर्व काही पेट घेऊ शकते. पूना हॉर्सच्या रणगाड्यांना माणसांसारखी नावे दिलेली असत. अरुण यांच्या रणगाड्याचे नाव 'फामागुस्ता' होते. त्यांच्याबरोबर प्रयाग सिंग, नथू सिंग आणि नंद सिंग हे तीन सवार होते.

१६ डिसेंबरची सकाळ उजाडली. जरपाल या गावाजवळ पाकिस्तानी रणगाड्यांनी मोठा प्रतिहल्ला केला. पूना हॉर्सच्या 'बी' तुकडीने बिनतारी यंत्रावरून मदत मागितली. अरुण 'ए' तुकडीत होते. त्यांना कोणी जा म्हटले नव्हते. त्यांनी ती हाक ऐकली आणि आपले रणगाडे घेऊन ते स्वतःहून निघाले. वाटेत शत्रूची काही ठाणी अजून शिल्लक होती. तेथून रणगाडाभेदी तोफांचा मारा सुरू झाला. वळसा घालून जाण्यास वेळ नव्हता. अरुण यांनी सरळ त्या ठाण्यांवर रणगाडे घातले. त्यांच्या एका रणगाड्याचा प्रमुख तेथे मारला गेला. तरीही ते पुढे गेले आणि 'बी' तुकडीला जाऊन मिळाले.

थोड्या वेळाने शत्रूने पुन्हा जमवाजमव करून दुसरा हल्ला केला. नेमका त्याचा जोर अरुण आणि त्यांचे सोबती जेथे होते, तेथेच आला. आपले रणगाडे मोजकेच होते. दोन्ही बाजूंचे रणगाडे एकमेकांवर अगदी जवळून गोळे टाकत होते. या झुंजीत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले. त्यांपैकी चार एकट्या अरुण यांनी निकामी केले, असे त्यांच्या मानपत्रात नोंदले आहे. मग त्यांच्या रणगाड्यावरही गोळा बसला. रणगाड्याने पेट घेतला. अरुण जखमी झाले. वरिष्ठांनी बिनतारी यंत्रावरून त्यांना रणगाडा सोडून बाहेर पडण्यास सांगितले. माझी तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही, असे उत्तर त्यांनी दिले.

हा नुसता हट्ट होता का? नाही. अरुण यांना समोर काय चालले आहे, ते दिसत होते. शत्रूचे पुष्कळ रणगाडे जळाले होते, पण उरलेले पुढे येत होते. त्या ठिकाणी त्यांना अडवणारे फारसे कोणी उरले नव्हते. आपण बाजूला झालो, तर ही फळी फुटेल आणि मागचे पायदळ उघडे पडेल, हे त्यांनी ओळखले. ते लढत राहिले. त्यांनी शत्रूचा आणखी एक रणगाडा उडवला. एवढ्यात दुसरा गोळा फामागुस्तावर आदळला आणि अरुण खेत्रपाल जागीच धारातीर्थी पडले. सवार नंद सिंग यांनीही प्राण गमावले. मात्र शत्रूला ती फळी फोडता आली नाही.

त्याच दिवशी दुपारी ढाका येथे पाकिस्तानच्या पूर्वेकडील सैन्याने शरणागती पत्करली. सुमारे ९३ हजार लोक युद्धकैदी झाले आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, पश्चिम सीमेवरही युद्ध थांबले. अवघ्या एका दिवसाने अरुण वाचले असते.

अरुण खेत्रपाल यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. हे पदक २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. आजपर्यंत ते फक्त २१ वीरांना मिळाले आहे आणि त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले. १९६५ च्या युद्धात रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद हे त्यांपैकीच एक. त्याच युद्धात पूना हॉर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांनाही हे पदक मिळाले. त्यांचे शिक्षण पुण्यातच झाले होते. ते १६ सप्टेंबर १९६५ रोजी शहीद झाले. म्हणजे सहा वर्षांच्या अंतराने पुण्याच्या या रिसाल्याला दोन परमवीरचक्रे मिळाली. एक पारशी प्रमुखाला आणि एक पंजाबी तरुणाला.

शौर्याचा सन्मान करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. प्रतापगडाच्या युद्धानंतर शिवाजी महाराजांनी लढलेल्या लोकांना कडी, तोडे आणि घोडे दिले व मृतांच्या घरच्यांची सोय केली, असे बखरीत नमूद आहे. परमवीरचक्र मात्र सोन्याचे किंवा चांदीचे नसते. ते काशाचे असते आणि जांभळ्या फितीला लावलेले असते. त्याची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केली. त्या जन्माने युरोपीय होत्या. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून त्या भारतीय झाल्या. पदकावर त्यांनी चार वज्रे कोरली. दधीची ऋषींनी लोकांच्या रक्षणासाठी आपला देह दिला आणि त्यांच्या हाडांपासून वज्र तयार झाले, अशी पुराणकथा आहे. म्हणजे हे पदक कोणी किती मारले, याचा हिशेब सांगत नाही. कोणी दुसऱ्यांसाठी काय दिले, ते सांगते.

आता या हकिगतीचा शेवटचा भाग सांगतो. युद्धाला तीस वर्षे झाली. २००१ साली अरुण यांचे वडील, ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल, आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. तेव्हा त्यांचे वय ८१ वर्षे होते. लाहोरमध्ये ते पाकिस्तानचे एक निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांच्या घरी उतरले. त्या घराने पाहुण्याची मनापासून सेवा केली. नासिरसाहेब पाहुण्यांना इतका मान का देत आहेत, हे पाहुण्यांना कळेना. मुक्कामाच्या शेवटच्या रात्री नासिरसाहेबांनी मन मोकळे केले. १६ डिसेंबरच्या लढाईत तुमच्या मुलासमोर मी होतो आणि माझ्याच हातून तो मारला गेला, असे त्यांनी सांगितले. तो पर्वतासारखा उभा होता, अशा शब्दांत त्यांनी अरुण यांच्या शौर्याची वाखाणणी केली. म्हाताऱ्या बापाने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. ते स्वतः सैनिक होते. दुसऱ्या दिवशी दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला.

मित्रांनो, त्या रात्री त्या वडिलांच्या मनात काय आले असेल, याचा विचार करा. आणि हे सांगण्यासाठी नासिरसाहेबांना किती धैर्य लागले असेल, याचाही विचार करा. १९४७ पूर्वी या दोघांचे देश एक होते, सैन्य एक होते आणि 'सवार', 'रिसालदार' हे शब्दही एक होते. सीमारेषा आखली गेली आणि एका सैन्याची दोन सैन्ये झाली. अरुण आणि नासिर यांनी आपापल्या देशाचे कर्तव्य केले. पण शूर माणूस शत्रूच्या शौर्याला कमी लेखत नाही. पाकिस्तानी सैनिकांनीच पूना हॉर्सला 'फख्र-ए-हिंद' म्हटले, असे सांगतात. या शब्दांचा अर्थ मी तुम्हांला सांगण्याची गरज नाही.

फामागुस्ता रणगाडा पुढे दुरुस्त करण्यात आला आणि अहिल्यानगरच्या रणगाडा प्रशिक्षण केंद्रात आठवण म्हणून ठेवण्यात आला. तुम्ही कधी सहलीला गेलात आणि एखादा जुना रणगाडा पाहिलात, तर त्याच्यावर चढून खेळण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्या अरुंद जागेत चार माणसे बसली होती, हे आठवा.

आपल्यापैकी फार थोडे जण सैनिक होतील. परंतु धैर्य फक्त रणांगणावरच लागते असे नाही. दोन मोहल्ल्यांत भांडण पेटले असता मध्ये उभे राहून ते थांबवणे, दुसऱ्याच्या भाषेची टिंगल चालू असता तीत सामील न होणे, आपली चूक झाली असता ती समोरच्याला जाऊन सांगणे, यालाही धैर्य लागते. अरुण यांनी मदतीची हाक ऐकली आणि ते स्वतःहून निघाले. कोणी सांगण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. एवढे जरी आपण त्यांच्यापासून शिकलो, तरी घराघरांतील आणि गावागावांतील पुष्कळ खानाजंग्या सुरू होण्यापूर्वीच संपतील.